आण्णांच्या विसरण्याची तपासणी : दिवाळी २०२३ ते फेब्रुवारी २०२५

२०२३ च्या दिवाळीत फलटणला किराणा दुकानात माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या तळहातावर एक पन्नासची नोट, दोन दहाच्या आणि थोडी नाणी होती आणि ते नुसते त्याच्याकडे बघत उभे होते. दुकानदाराला त्रेसष्ट रुपये द्यायचे होते. एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर, रात्री डेपोत वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, जुळवताना आठ आण्यांचा फरक आला तर सगळं परत मोजणारा माणूस. मी पुढे होऊन पैसे दिले आणि घरी येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आण्णांना २०१८ पासून पार्किन्सन्स आहे. थरथर, चाल बारीक होणं, सही मुंगीएवढी होणं हे सगळं आम्हाला माहीत होतं आणि त्याची सवयही झाली होती. पण या आजारात डोक्याच्या कामावरही परिणाम होऊ शकतो हे सहा वर्षांत आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. दिवाळीनंतर आईने फोनवर हळूहळू एकेक सांगायला सुरुवात केली. टीव्हीचा रिमोट हातात घेऊन बसतात. तोच प्रश्न परत विचारतात. संध्याकाळी कोपऱ्यात एक लहान पोरगं उभं दिसतं म्हणतात, घाबरत नाहीत, उलट त्याला काहीतरी खायला दे म्हणतात. आईने हे महिनाभर लपवलं होतं, लोक काय म्हणतील म्हणून. २७ डिसेंबरला ते बाथरूममध्ये पडले, डोक्याला टेंगूळ आलं, आणि मी त्यांना पुण्याला वारज्याला घेऊन आले.

पहिला अनुभव वाईट होता, तो आधी सांगते. ८ जानेवारी २०२४ ला घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये गेलो. दीड तास थांबलो, त्या नादात आण्णांची दुपारी एकची गोळी चुकली. चष्मा घरी राहिला होता. पॅसेजमध्येच एका खुर्चीवर बसवून एका तरुण मुलाने हिंदीतून प्रश्न विचारले, ‘अभी कौनसा साल है, ये कौनसी मंजिल है’, मागे नंबर पुकारण्याचा आवाज, आई शेजारून उत्तरं सांगतेय, आणि सात-आठ मिनिटांत तीसपैकी एकोणीस मार्क. आत डॉक्टरांनी कागद बघून ‘डिमेन्शिया सुरू झालाय’ (म्हणजे रोजचं जगणं अडेल इतकं स्मरण आणि बुद्धी कमी होणं) एवढंच सांगितलं, स्मरणशक्तीची एक गोळी लिहिली आणि मेंदूचं पेट स्कॅन करून या म्हणाले, खर्च सोळा हजार. आण्णा समोर बसलेले असताना. रिक्षात ते म्हणाले, ‘नापास झालो व्हय गं मी?’ मला उत्तर देता आलं नाही.

ती परीक्षा म्हणजे एमएमएसई, १९७५ सालची, जगभर वापरली जाते आणि वाईट नाही. पण ती कुठल्या भाषेत घेतली, माणसाला नीट ऐकू येत होतं का, दिसत होतं का, दहावीपर्यंत शिकलाय की चौथीपर्यंत, यावर मार्क हलतात. आणि पार्किन्सन्समध्ये तर आणखी एक गोष्ट असते, लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची, गोळी अंगात काम करत असताना माणूस वेगळा असतो आणि तिचा असर उतरला की वेगळा. पहिल्या वेळेला ‘ऑन’ म्हणतात, दुसऱ्याला ‘ऑफ’. आण्णांची परीक्षा झाली ती पूर्ण ऑफमध्ये. हे मला अकरा दिवसांनी कळलं.

१९ जानेवारीला पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये फक्त पार्किन्सन्स आणि हालचालींचे आजार बघणाऱ्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमची वेळ मिळाली. नवीन पेशंटची नोंदणी सकाळी आठलाच काउंटरवर होते, आधार कार्ड लागतं, जुनी सगळी प्रिस्क्रिप्शन्स तारखेनुसार लावून नेली तर खूप वेळ वाचतो. मी एक काम चांगलं केलं होतं, औषधांचा सगळा डबाच उचलून नेला होता. मॅडमनी कागद बाजूला ठेवले आणि एकेक पट्टी हातात घेऊन बघायला लागल्या. एका पट्टीवर थांबल्या. ट्रायहेक्सिफेनिडिल, दिवसातून तीनदा. थरथरीसाठी २०१९ मध्ये कुणीतरी लिहून दिलेली, आणि तेव्हापासून तीच चिठ्ठी दाखवून आम्ही मागवतोय. शिवाय वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून आणखी एक गोळी. मॅडम म्हणाल्या या दोन्ही गोळ्या मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचं काम अडवतात, लक्षात ठेवायला नेमकं तेच लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाला यांनी गोंधळ होऊ शकतो, नसलेली माणसं दिसू शकतात. मी त्या पट्टीकडे बघत राहिले. पाच वर्षं मीच दर महिन्याला ती ऑनलाइन मागवत होते.

पण त्यांनी लगेच बंद नाही केली, आणि हे महत्त्वाचं आहे, कुणीही स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्रास होतो. हळूहळू कमी करायची. आधी तपासण्या.

मॅडमनी एक प्रश्न विचारला जो पहिल्या ठिकाणी कुणी विचारला नव्हता : आधी थरथर आली की आधी विसरणं? थरथर आधी, पाच वर्षं आधी. त्यांनी ते ठळक लिहून घेतलं. विसरणं आणि भास हे शरीर जड होण्याच्या आधी किंवा वर्षभराच्या आत सुरू झाले तर लेवी बॉडी डिमेन्शिया या वेगळ्या प्रकाराचा विचार करतात, बऱ्याच नंतर आले तर पार्किन्सन्सचाच भाग मानतात. भास होतात म्हणून कुणी हॅलोपेरिडॉलसारखं औषध लिहून दिलं तर आण्णांना द्यायचं नाही असंही बजावलं, पार्किन्सन्सच्या माणसाला ते अक्षरशः जखडून टाकतं. आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता ते लाल पेनने लिहिलंय, कारण रात्री-अपरात्री कुठल्या कॅज्युअल्टीत जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला आधी तेच दिसलं पाहिजे.

पेट स्कॅनबद्दल विचारलं तर म्हणाल्या आत्ता नको. मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतोय ते त्यात दिसतं, कुठल्या प्रकारचा डिमेन्शिया आहे हे ओळखायला कधी कधी उपयोग होतो, पण आण्णांच्या बाबतीत त्याने औषध बदलणार नाही. एमआरआय मात्र हवा, कारण ते पडले होते. डोक्यावर मार लागून कवटीच्या आत हळूहळू रक्त साठू शकतं, मेंदूतलं पाणी वाढू शकतं, लकव्याचे छोटे छोटे झटके येऊन गेलेले असू शकतात, आणि ही सगळी कारणं वेगळी, त्यांचे उपायही वेगळे. त्याबरोबर रक्त : बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, सोडियम, कॅल्शियम, किडनी, लिव्हर, शुगर. ते २३ जानेवारीला दिलं, २,८५० रुपये. बी-ट्वेल्व्ह बरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली.

आणि एक वही. तीन आठवडे रोज लिहायचं, गोळी किती वाजता घेतली, कधी शरीर मोकळं, कधी जड, गोंधळ कधी झाला, भास कधी. आईने लिहिली. तिचं शिक्षण सातवी, पण तिच्या त्या वहीसारखा कागद त्या अख्ख्या फाइलमध्ये दुसरा नाही. ‘५ वा. पोरगं दिसलं. ५.४० गोळी. ७ वा. बरे, भजन ऐकलं.’

एमआरआयची तारीख मिळाली २ फेब्रुवारी. फॉर्ममध्ये पेसमेकर, स्टेंट, शरीरात कुठे प्लेट-स्क्रू, कवळी, सगळं विचारतात. मोतीबिंदूची लेन्स चालते. अडलं ते माळेवर. आण्णा वारकरी, गळ्यात तुळशीची माळ, ती काढायची नाही म्हणजे नाही. मणी लाकडाचे, पण ओवलेली होती तांब्याच्या तारेत, आणि टेक्निशियनने फोनवर सांगितलं की डोक्या-मानेजवळ धातू अजिबात नको. दोन दिवस घरात यावरून धुसफूस. शेवटी ३१ तारखेला मी ऑफिसमधून अर्धा दिवस सुट्टी घेऊन आळंदीला गेले, मंदिराच्या रस्त्यावर माळा विकणाऱ्या एका मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी समोर बसून सुती दोऱ्यात माळ ओवून दिली, शेवटची गाठ मारायच्या आधी दोरा दोनदा ओढून बघितला. घरी आल्यावर आण्णांनी आधी नवी गळ्यात घातली, मग जुनी काढली आणि देवघरात ठेवली. गळा एक क्षणही मोकळा राहिला नाही. कुणाकडे असाच प्रश्न आला तर हा मार्ग आहे, मात्र टेक्निशियनला आधी दाखवून घ्या.

स्कॅनची वेळ आम्ही गोळीनंतर पाऊण तासाने मागितली होती आणि त्यांनी दिली. थरथर असली की चित्रं हलतात, हलली की ती सीक्वेन्स, म्हणजे चित्रांचा तो संच, परत घ्यावी लागते. यंत्रात साधारण पस्तीस मिनिटं, कानात बोळे, वरून हेडफोन, हातात एक रबरी फुगा, भीती वाटली तर दाबायचा. आवाज फार मोठा असतो हे पेशंटला आधी सांगा. मी आण्णांना सांगितलं, घाटात जुनी गाडी पहिल्या गिअरवर ओढते तसा आवाज येईल. दोन सीक्वेन्स परत घ्याव्या लागल्या पण भूल द्यावी लागली नाही. ७,५०० रुपये झाले. फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या, मॅडमनी फिल्मला हातच लावला नाही, सीडी स्वतःच्या कम्प्युटरवर बघितली.

रिपोर्ट मला संध्याकाळी मोबाइलवर आला आणि ती रात्र मी जागून काढली. मेंदू आकसलाय, पांढऱ्या भागात रक्तपुरवठा कमी झाल्याच्या खुणा, फाझेकास ग्रेड एक, अमुक स्कोर तमुक स्कोर. एकेक शब्द गुगल करत बसले. नंतर मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं तेव्हा कळलं की फाझेकासची पायरी शून्य ते तीन असते आणि एक म्हणजे या वयात अनेकांना असतं. लक्षात ठेवण्याचं काम करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, कानाच्या आतल्या बाजूला, त्याच्या आकसण्याला शून्य ते चार मार्क देतात, आण्णांचा एक. एकाहत्तराव्या वर्षी ठीक. रक्त साठलेलं नाही, पाणी वाढलेलं नाही. मॅडमचं एक वाक्य मी लिहून घेतलं होतं : एमआरआयमध्ये पार्किन्सन्समुळे होणारं विसरणं दिसत नाही, दुसरं काही नाही ना हे दिसतं. रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरांना भेटेपर्यंत चार दिवस गेले, त्या चार दिवसांत वाचू नका असं सांगणार नाही, कारण वाचल्याशिवाय राहवत नाही, पण आण्णांना मी तेव्हा काही बोलले नाही ते बरं झालं.

खरी तपासणी झाली १३ आणि १५ फेब्रुवारीला, न्यूरोसायकॉलॉजिस्ट ताईंकडे, म्हणजे लक्ष, स्मरण अशा मेंदूच्या कामांच्या चाचण्या घेणाऱ्या तज्ज्ञांकडे. दोन बैठका, प्रत्येकी दीड तास, मिळून ४,५०० रुपये. वेळ सकाळी साडेदहा, गोळीनंतर तासाभराने, वहीवरून ठरवलेली. चष्मा दोन्ही, लांबचा आणि जवळचा. पाण्याची बाटली. आम्हाला पहिली पंधरा मिनिटं आत बसू दिलं आणि आईला आधीच सांगितलं, काकू, उत्तर येत असलं तरी सांगायचं नाही.

ताईंनी मराठीतून सुरुवात केली, ‘आण्णा, मी काही प्रश्न विचारणार आहे, काही सोपे आहेत, काही मुद्दाम अवघड आहेत, सगळे कुणालाच येत नाहीत.’ आण्णांचे खांदे खाली आले ते मला दिसलं. आज तारीख काय? तारीख आली नाही. वार? ‘मंगळवार. आज गणेश जयंती हाय.’ होतीच. माघ शुद्ध चतुर्थी. तारखेचा मार्क गेला तो गेलाच, ते ताईंनी बदललं नाही, पण कडेला नोंद केली.

मग मोका नावाची चाचणी, हीसुद्धा तीस मार्कांची, पण आखणी, लक्ष, मांडणी याच्यावर जास्त जोर असलेली, त्यामुळे पार्किन्सन्समध्ये एमएमएसईपेक्षा जास्त पकडते. त्यातले शब्द, चित्रं मी इथे लिहीत नाही, कारण घरी सराव करून गेलं तर परीक्षा फुकट जाते. फक्त घड्याळाचं सांगते. गोल काढा, आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आयुष्यभर घड्याळावर गाडी सोडलेला माणूस. गोल नीट आला. बारा, एक, दोन, तीन, मग चार-पाच-सहा-सात सगळे उजव्या बाजूलाच दाटीवाटीने, आठपर्यंत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हात थांबला, डावी बाजू रिकामी. उरलेले आकडे तिकडे लांब लांब टाकले. आणि काटे, एक अकरावर आणि दुसरा दहावर. दहा मिनिटं म्हणजे काटा दोनवर हे त्यांना विचारलं तर लगेच सांगता येतं, भिंतीवरचं घड्याळ ते बरोबर वाचतात, पण ‘दहा’ ऐकलं की हात दहाकडेच गेला. ताईंनी नंतर समजावलं की ही विसरण्याची चूक नाही, हाताला आवर घालणारा, आखणी करणारा मेंदूचा पुढचा भाग दमलाय त्याची आहे. बारीक अक्षर आणि थरथर यांचे मार्क कापले नाहीत, आणि हात न वापरता करायच्या चाचण्याही घेतल्या.

यानंतर आम्हाला बाहेर पाठवलं. पुढचं मला ताईंनी आणि आण्णांनी सांगितलेलं आहे. पाच गोष्टी तपासतात, लक्ष, आखणी, भाषा, स्मरण आणि डोळ्यांनी बघून जागेचा अंदाज, आणि प्रत्येकीसाठी निदान दोन चाचण्या. एका मिनिटात जेवढे आठवतील तेवढे प्राणी सांगा म्हटल्यावर अकरा सांगितले आणि थांबले. मग स्वतःच म्हणाले, ‘प्राण्यांचं ऱ्हाऊ द्या, ष्टॉप इचारा.’ आणि सांगितले, फलटण, लोणंद, नीरा, वाल्हं, जेजुरी, सासवड, हडपसर, स्वारगेट. हीच माऊलींच्या पालखीची वाट, उलटी, त्यांनी ती एसटीतूनही केली आणि पायीही. ताईंनी विचारलं आता मागून सांगता येतील? स्वारगेट, हडपसर, सासवड, जेजुरी, आणि तिथे अडकले. याला मार्क नसतात, तरी ताईंनी लिहून ठेवलं.

उदासीनतेची पंधरा प्रश्नांची एक यादी असते, हो-नाही उत्तरांची, तीही घेतली. आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं का, याला आण्णा ‘हो’ म्हणाले होते. घरी सहा वर्षांत हा प्रश्न आम्ही कुणी विचारला नव्हता.

माझी आणि आईची वेगळी मुलाखत झाली, पाऊण तास. इथे खरं सांगा. माणसाची अब्रू राखायची म्हणून ‘तसं ठीक आहे’ म्हणायची आपल्याला सवय असते, आईही तेच करायला लागली होती, मग मी वही पुढे केली.

२७ फेब्रुवारीला मॅडमनी सगळं एकत्र मांडलं. मोकामध्ये वीस, आणि बारावीपर्यंत किंवा कमी शिक्षण असेल तर एक मार्क मिळतो तो धरून एकवीस. सर्वसाधारण रेघ सव्वीसची असते. लक्ष आणि आखणी कमजोर, जागेचा अंदाज कमजोर, भाषा चांगली. स्मरणात एक गोष्ट वेगळी निघाली, दिलेले शब्द आपणहून आठवले नाहीत पण ‘फळ होतं’, ‘कपड्यातलं काहीतरी होतं’ अशी खूण दिली की पटकन आले. अल्झायमर्समध्ये बहुतेक वेळा खूण देऊनही येत नाहीत, कारण ते साठतच नाहीत. आण्णांचे साठतात, काढायला वेळ लागतो. मी घरी येऊन आण्णांना सांगितलं, तिकिटं पेटीत आहेत, फक्त हात पोचायला उशीर होतोय. ते म्हणाले, ‘मग पाशिंजरानं थांबावं की जरा.’

डिमेन्शिया लिहिलं नाही. पार्किन्सन्ससोबत सौम्य बौद्धिक कमजोरी, असं लिहिलं. फरक कुठे केला तर रोजच्या जगण्यावर, स्वतःच्या गोळ्या रंग आणि वेळ सांगून ते एक चूक सोडली तर बरोबर सांगू शकले होते. पहिल्या क्लिनिकमधली स्मरणशक्तीची गोळी आत्ता नको ठरलं, पुढे लागली तर रिव्हास्टिग्मीन आहे म्हणाल्या. ट्रायहेक्सिफेनिडिल सात आठवड्यांत कमी करत एप्रिलमध्ये पूर्ण बंद. मधल्या काळात थरथर वाढली, आण्णा चिडले, एकदा चहाचा कप भिंतीवर गेला. लघवीची गोळी बदलली. मे महिन्यात आईने वहीत लिहिलंय, ‘पोरगं दहा दिवस आलं नाही.’

खर्चाचा हिशोब, मी अकाउंट्समध्येच काम करते म्हणून काटेकोर आहे : सगळ्या कन्सल्टेशन्स ४,७००, रक्त, एमआरआय आणि न्यूरोसायकॉलॉजी धरून एकूण १९,५५०. ओपीडी असल्यामुळे मेडिक्लेममधून काही मिळालं नाही, अ‍ॅडमिट नाही तर क्लेम नाही. घरातल्या ज्येष्ठ नागरिकाचा आरोग्य विमाच नसेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तर असा खर्च तेव्हा आयकराच्या ८०डी कलमाखाली पन्नास हजारांपर्यंत दाखवता येत होता, पण रोख दिलेला चालत नव्हता, म्हणून यूपीआय किंवा कार्डनेच द्या आणि पावत्या ठेवा.

लगेच लगेच परत परीक्षा घेत नाहीत, प्रश्न ओळखीचे होतात आणि मार्क खोटे वाढतात. आमची पुढची तारीख वर्षाने, १८ फेब्रुवारी २०२५. मोकाचा दुसरा नमुना वापरला, प्रश्न वेगळे. तेवीस आले. मी खूश होणार इतक्यात ताईंनी सांगितलं की दोन मार्क दिवसागणिकही इकडेतिकडे होतात, खाली आले नाहीत एवढं धरा. घड्याळाची डावी बाजू अजून लांब लांबच आहे.

निघताना ताईंनी गेल्या वर्षीचा कागद काढला आणि म्हणाल्या, आण्णा, स्वारगेटहून फलटण. स्वारगेट, हडपसर, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण. आम्ही टाळ्या वाजवल्या. रिक्षात बसलो, वारज्याच्या पुलापर्यंत आलो, आई लाइट बिलाचं काहीतरी बोलत होती, आणि आण्णांनी माझ्या मनगटाला हात लावला.

‘वाल्हं ऱ्हायलं गं.’